अनिश्चित दिवसांसाठी मराठी बायबल: कोणती प्रत घ्यावी, कोणते ॲप, सुरुवात कुठून

कंत्राट पुढे मिळणार की नाही हे माहीत नाही, घरात कुणाचे तरी आजारपण लांबले आहे, तपासणीचा अहवाल यायचा आहे. अशा दिवसांत बायबल उघडणाऱ्या माणसाला लक्ष लागत नाही. झोप अपुरी असते, पान वाचून होते आणि डोक्यात काहीच शिरलेले नसते. दुकानदार किंवा ॲप त्याला जी प्रत सुचवतो, ती बहुधा स्वस्थ वाचकाच्या सोयीची असते. हे परीक्षण अस्वस्थ वाचकासाठी आहे. तो जन्माने ख्रिस्ती असेल, बऱ्याच वर्षांनी परत वळलेला असेल किंवा पहिल्यांदाच पुस्तक हातात घेत असेल.

निष्कर्ष आधीच सांगतो. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची ‘पवित्र शास्त्र’ आर.व्ही. (रिवाइज्ड व्हर्जन) ही छापील प्रत मुख्य ठेवा आणि सोप्या भाषेतली एक आवृत्ती जोडीला फोनवर घ्या. उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आणि रोज सकाळी एक सुटे वचन (बायबलमधले एखादे क्रमांकित वाक्य) पाठवणारी सूचना निदान चाळीस दिवस बंद ठेवा. हे शेवटचे अनेकांना पटणार नाही, म्हणून त्याची कारणे पुढे सविस्तर दिली आहेत.

आवृत्त्या

आर.व्ही. ही बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाचली जाणारी आवृत्ती. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे. ‘ह्यास्तव’, ‘तुम्हांला’, ‘कोठवर’ असे शब्द पानोपानी भेटतात. तिचा मोठा गुण म्हणजे ती मोठ्याने वाचता येते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे तेविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य दोनदा म्हणून पाहा. श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगते. स्तोत्रसंहितेसाठी आणि यशयासाठी मराठीत आजही हिच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ती अडखळते पौल या प्रेषिताने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत. ग्रीकमधली लांबलचक वाक्ये मराठीतही लांबच राहिली आहेत, आणि ‘नीतिमत्त्व’, ‘नीतिमान ठरणे’ हे शब्द ज्याला कुणी समजावून दिलेले नाहीत तो रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पुस्तक मिटतो. तिथे त्याच सोसायटीची सी.एल., म्हणजे सर्वसामान्य भाषेतली आवृत्ती उपयोगी पडते. तिची वाक्ये आखूड आहेत आणि शब्द रोजच्या वापरातले. नवा करार पहिल्यांदा वाचणाऱ्याने पत्रे तरी तिच्यातूनच वाचावीत.

बिब्लिका या संस्थेची मराठी समकालीन आवृत्ती फोनवर सहज मिळते आणि तिचे मराठी आजचे आहे. तिच्या दोन गोष्टी मात्र वाचकाला लगेच जाणवतात. हिब्रूतल्या देवाच्या नावासाठी आर.व्ही. ‘परमेश्वर’ लिहिते, ही आवृत्ती ‘याहवेह’ लिहिते. शिवाय ती देवाला आदरार्थी बहुवचन लावते: ‘याहवेह माझे मेंढपाळ आहेत’. नाव मूळ उच्चाराच्या जवळ नेण्यामागचा हेतू समजतो. पण मराठी माणूस देवाला ‘तू’ म्हणतो. विठ्ठलाला ‘तू’, आईला ‘तू’. ज्याच्यापुढे रडायचे आहे त्याला ‘अहो’ म्हणताना मध्ये एक उंबरठा येतो. त्यामुळे अर्थ समजून घ्यायला ही आवृत्ती चांगली, पण प्रार्थनेला आर.व्ही.

इंडियन रिवाइज्ड व्हर्जन या (आर.व्ही.हून वेगळ्या) आवृत्तीचा मराठी मजकूर मोकळ्या परवान्याखाली आहे. श्रेय देऊन आणि पुढेही तोच परवाना ठेवून त्यातला भाग छापता, वाटता येतो. प्रार्थनेच्या गटासाठी एखादा अध्याय मोठ्या टायपात छापून द्यायचा असेल तर हाच मजकूर घ्यावा.

पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचा उल्लेख केवळ इतिहास म्हणून करायचा नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांमधून संपूर्ण बायबल मराठीत आणले. कमी शिकलेल्या बायकांना वाचून कळावे म्हणून पंडिती शब्द जाणीवपूर्वक टाळले. ज्यांचे संस्कृत पाठांतर शास्त्र्यांना थक्क करत होते, त्या विदुषीने साधे मराठी निवडले हे विसरता येत नाही. काम शेवटाला आले असताना १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ साली निघाले, मिशनच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांच्या हातांनी. रोजच्या वाचनाची पहिली प्रत म्हणून ती आज सुचवता येत नाही, कारण शंभर वर्षांत बोलीच बदलली आहे. पण एखाद्या ओळीपाशी अडलात आणि रमाबाईंचा मजकूर हाताशी असेल तर ती ओळ तिथे जरूर पाहा. पुष्कळदा गाठ सुटते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. ख्रिस्ती परिभाषा अजिबात परिचयाची नसलेल्या पण मराठी साहित्य वाचणाऱ्या माणसाला ते अधिक जवळचे वाटेल.

कॅथलिक वाचकाने विकत घेण्याआधी अनुक्रमणिका बघावी. प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक प्रतीत ७३. टोबीत, यूदीथ, मक्काबी ही नावे दिसली नाहीत तर ती ६६ पुस्तकांची प्रत आहे. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हीकडे तीच आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या वाचनात काही अडत नाही.

चार शब्द, जे आधी समजून घ्यायला हवेत

मराठी वाचक बायबलमध्ये अडतो तो अवघड शब्दांपाशी कमी आणि ओळखीच्या शब्दांपाशी जास्त. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आलेला असतो आणि ते कुणी सांगत नाही.

‘तारण’ हा त्यातला पहिला. सोने तारण कर्ज काढणाऱ्या माणसाला तारण म्हणजे बँकेकडे गहाण ठेवलेली वस्तू. बायबलमधले तारण म्हणजे तारणे, बुडणाऱ्याला बाहेर काढणे. येशू हे नावच त्या हिब्रू धातूशी जोडलेले आहे, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायाच्या २१व्या वचनात ते नाव ठेवण्याचे कारण म्हणून हाच अर्थ दिला आहे. हप्ते थकलेला माणूस हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात बँक येते. ती बाजूला ठेवायला थोडे दिवस लागतात.

‘पश्चात्ताप’ हा दुसरा, आणि याचा घोळ जास्त त्रासदायक. मराठीत पश्चात्ताप म्हणजे झाल्या गोष्टीबद्दल मनात जळत राहणे. ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणे, विचाराची दिशा फिरवणे. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू लोकांना हे करायला सांगतो. आधीच स्वतःला दोष देत बसलेला वाचक तिथे पश्चात्ताप हा शब्द वाचतो आणि आणखी खचतो. प्रत्यक्षात वाक्य त्याला मागे बघत बसू नकोस, वळ, असे सांगते आहे. आपल्या प्रतीत या शब्दाशेजारी पेन्सिलीने ‘वळणे’ एवढेच लिहून ठेवा.

‘विश्वास’ या शब्दात मात्र मराठीचे भाग्य आहे. ‘त्याच्यावर माझा विश्वास आहे’ हे वाक्य आपण माणसाबद्दल म्हणतो, सिद्धांताबद्दल क्वचितच. ग्रीक ‘पिस्तिस’मध्येही माणसावर टाकलेला भरवसा आहे. सगळे मुद्दे पटल्याशिवाय विश्वास ठेवता येत नाही असे वाटणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. वैद्यावर विश्वास ठेवायला वैद्यकशास्त्र यावे लागत नाही, त्याचा हात आणि त्याचे वागणे पाहावे लागते. शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाची चार पुस्तके, हेच दाखवतात: येशू कसा वागला, कुणाच्या घरी जेवला, कुणाला हात लावला.

चौथा शब्द ‘मनन’. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. आपल्याला वाटते डोळे मिटून शांत बसायचे. तिथला हिब्रू शब्द ‘हागा’ म्हणजे हलक्या आवाजात पुटपुटणे, गुरगुरणे. यशयाच्या ३१व्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद आले आहे. म्हणजे ओठ हलले पाहिजेत. मन सैरभैर असताना ही फार कामाची गोष्ट आहे, कारण मनातल्या मनात वाचताना डोळे पुढे जातात आणि चिंता जागच्या जागी राहते. आवाज काढून वाचले की निदान जीभ आणि कान कामाला लागतात.

सुट्या वचनाची गफलत

ख्रिस्ती घरांतल्या भिंतीवर, फोनवर, परीक्षेच्या शुभेच्छापत्रावर एक वाक्य हमखास दिसते: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प, ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’. यिर्मया २९, वचन ११. नोकरी गेलेल्या माणसाला ते पाठवले जाते आणि तो समजतो की महिन्याभरात काहीतरी होईल. महिना जातो, काही होत नाही, आणि वाक्यावरचाच विश्वास उडतो.

आता अख्खा अध्याय वाचा. शक्य तर २८वाही. यरुशलेमेतले लोक बंदी करून बाबेलला (बॅबिलॉनला) नेलेले आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया या संदेष्ट्याने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेले लाकडी जूही तो सर्वांदेखत मोडून टाकतो. लोकांना तेच ऐकायचे होते. मग यिर्मया बंदिवानांना पत्र लिहितो. त्यात तो सांगतो: तिथे घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. लग्ने करा, मुलामुलींची लग्ने लावा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि १०व्या वचनात मुदत येते: सत्तर वर्षे. त्याच्या लगेच पुढे ते प्रसिद्ध ११वे वचन.

सत्तर वर्षे म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीचा दिवस पाहिला नसता. मळ्यातल्या झाडाला फळ धरायलाही काही वर्षे जातात, आणि पत्र फळ खाण्याबद्दल बोलते आहे. अनिश्चित काळात देव कोणत्या प्रकारचे आश्वासन देतो ते इथे दिसते. सुटका होईल, पण तारीख तुमच्या हाती नाही. तोवर जिथे आहात तिथे जगायला सुरुवात करा, शेजाऱ्याचे भले चिंता. ज्याला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणतात त्याचा ख्रिस्ती आशय या चार-पाच वचनांत जितका उघड आहे तितका इतरत्र क्वचित आढळतो. भिंतीवरच्या पाटीत तो संपूर्ण गळून पडतो.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या १३व्या वचनाचेही असेच होते. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, हे वाक्य जिंकण्याच्या घोषणेसारखे वापरतात. आधीची दोन वचने पाहा. पौल बेड्यांत आहे आणि सांगतो आहे की भरल्या पोटी कसे राहावे आणि उपाशी कसे राहावे हे दोन्ही मी शिकलो आहे. ‘शिकलो’ या क्रियापदावर थांबा. ही स्थिती त्याला आपोआप मिळालेली नव्हती.

वचनांचे क्रमांकही मूळ लिखाणात नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक १५५१ सालचे, रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातलेले. अध्यायांमधली ठळक मथळ्यांची ओळही संपादकांची. त्यामुळे एकेका वचनावर जगण्याची सवय पुस्तकाच्या स्वभावात नाही, ती छपाईच्या सोयीतून आली आहे.

यापेक्षाही वाईट म्हणजे डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजचा निरोप म्हणून घ्यायचे. हा कौल लावण्याचा प्रकार आहे. घाबरलेला माणूस मनासारखे वचन येईपर्यंत पाने उलटत राहतो, आणि उठतो तेव्हा आधीपेक्षा जास्त घाबरलेला असतो.

चाळीस दिवसांचे वाचन

बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन पडतात. अस्वस्थ काळात हा वेग झेपत नाही. उत्पत्ती आणि निर्गम गोष्टींमुळे सरकतात, पण निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मोजमापे सुरू होतात, लेवीय या पुढच्या पुस्तकात अर्पणांचे नियम, आणि गाडी रुतते. वाचक स्वतःला आळशी समजतो. खरे कारण क्रमात असते.

त्याऐवजी हा क्रम घ्या. पहिले दहा दिवस रोज एक स्तोत्र: १३, २२, ३१, ४२, ४३, ४६, ६२, ७७, ८८, १३०. पुढचे सोळा दिवस मार्कचे शुभवर्तमान, रोज एक अध्याय. मग तीन दिवस मत्तय ५, ६ आणि ७, म्हणजे डोंगरावरचे प्रवचन. दोन दिवस यिर्मया २८ व २९, पाच दिवस विलापगीताचे पाच अध्याय, आणि शेवटचे चार दिवस फिलिप्पैकरांस पत्र. एकूण चाळीस.

स्तोत्रांपासून सुरुवात का? सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत आणि त्यांना एक घडण आहे: हाक, तक्रार, मागणी, मग भरवशाचे वाक्य. तेरावे स्तोत्र फक्त सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत मूळ हिब्रूत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी, पाचव्या-सहाव्यात सूर बदलतो. परिस्थिती मात्र बदललेली नाही, शत्रू तिथेच आहे. बेचाळिसाव्यात माणूस स्वतःच्याच मनाला हटकतो: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?’ मनाला असे समोर बसवून बोलण्याची रीत मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. हे कडवे ४२ आणि ४३ मिळून तीनदा येते, कारण एकदा सांगून मन ऐकत नाही.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र सांभाळून वाचा, पण गाळू नका. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी दिलाशाचे वाक्य नाही. असे स्तोत्र पवित्र पुस्तकात ठेवले गेले, म्हणजे ज्या दिवशी विश्वासाचे एक वाक्यही तोंडातून निघत नाही त्या दिवसाचीही प्रार्थना होऊ शकते.

मार्क सर्वांत छोटा, सोळा अध्याय. एका बैठकीत दीड तासात वाचून होतो, आणि एखाद्या रविवारी तसा जरूर वाचा. सगळ्यांत जुन्या, चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत तो १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावर थांबतो: स्त्रिया रिकामी कबर पाहून भ्यालेल्या, कुणाला काही न सांगता निघून गेलेल्या. पुनरुत्थानाची बातमी आणि भीती एकाच वाक्यात. विश्वास आला की भीती गेलीच पाहिजे असे मानणाऱ्याने हे वचन पाहावे.

डोंगरावरच्या प्रवचनाला मराठीत एक खास संदर्भ आहे. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने नवा करार दिला. ते वाचत वाचत मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी आले आणि तिथे खिळले. त्यांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मध्ये घरची, नात्याची, मनाची मोठी ओढाताण होती. पुस्तक हाती आल्यापासून निर्णयापर्यंत काळ जाऊ द्यावा लागतो. तुमच्यावर कुणी आठवड्याभरात ठरवण्याची सक्ती करत असेल तर टिळकांची ही वाट आठवा.

विलापगीत पाच अध्यायांचे. पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेले आहेत, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन वचने, म्हणून ६६. जळालेल्या शहराचे दुःख इतक्या काटेकोर चौकटीत बसवले आहे. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वाक्य या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या मधोमध येते. शेवटी पुन्हा प्रश्नच आहे.

रोजचा वेळ वीस मिनिटे धरा. एक मिनिट गप्प बसा. सात मिनिटांत ठरलेला भाग मोठ्याने वाचा, छोटा असेल तर दोनदा. पाच मिनिटे वहीत लिहा: तारीख, कोणती ओळ अडकली, कोणता प्रश्न पडला, आणि आज करता येईल अशी एकच छोटी कृती. पाच मिनिटे प्रार्थना, वाचलेल्या ओळीचेच शब्द उसने घेऊन. शेवटची दोन मिनिटे पुन्हा शांत. ही कृती छोटीच हवी. ‘सगळ्यांना क्षमा करीन’ हे लिहू नका, ‘भावाला फोन करीन’ हे लिहा.

रात्री दहा मिनिटांची उजळणी सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीने करता येते. आधी दिवसातल्या एका गोष्टीसाठी आभार, मग प्रकाशासाठी मागणे, मग सकाळपासून तासातासाने दिवस आठवणे, जिथे चुकले तिथे क्षमा, आणि उद्याच्या एका प्रसंगासाठी मदत. बहुतेक लोक तिसऱ्या पायरीवर स्वतःची उलटतपासणी सुरू करतात आणि झोप घालवतात. म्हणून आभार आधी. क्रम बदलू नका.

फरक पडतो की नाही हे मनःस्थितीवरून ठरवू नका, ती रोज वरखाली होते. वही सहा आठवड्यांनी उघडा आणि लिहिलेल्या कृतींपैकी किती झाल्या ते मोजा. घरातल्या माणसांना विचारा. वाढ आधी त्यांना दिसते.

ॲप

यूव्हर्जनचे बायबल ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, वर उल्लेखलेल्या बहुतेक मराठी आवृत्त्या त्यात आहेत आणि एखादे वचन निवडून इतर आवृत्त्यांशी ताडून पाहता येते. अडलेल्या ओळीसाठी हे उत्तम. मात्र त्यातली वाचलेल्या दिवसांची सलग साखळी मोजणारी सोय आजारी माणसाच्या घरात नको. रात्र दवाखान्यात गेली, साखळी तुटली, आणि माणूस अपराधी वाटून वाचणेच सोडतो. सूचना बंद करा. वाचताना फोन विमान-मोडवर टाकायचा असेल तर मजकूर आधी उतरवून घेतलेला आहे ना ते तपासा.

ऐकण्यासाठी बायबल डॉट इज हे ॲप आहे, त्यात मराठी नवा करार ध्वनिरूपात मिळतो. ज्यांचे डोळे अधू झालेत किंवा जे आजाऱ्यापाशी जागत बसलेत, त्यांना वाचण्यापेक्षा ऐकणे बरे. एका वेळी एकच अध्याय लावा.

एकट्याने की कुणाबरोबर

काही आठवड्यांनी प्रश्न साचतात आणि ते कुणापुढे तरी मांडावेत असे वाटते. जवळच्या चर्चमधला आठवड्याचा शास्त्राभ्यास किंवा घरोघरची प्रार्थनासभा यासाठी बरी. गट निवडताना चार गोष्टी पाहा. प्रश्न विचारला तर ‘विश्वास कमी पडतो’ असे उत्तर मिळते का? बरे होण्याच्या किंवा नोकरीच्या वचनाला पैशाची अट जोडली जाते का? औषधे सोडायला सांगतात का? यायचे थांबवले तर भीती घालतात का? यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर तो गट सोडा. औषध घेणे विश्वासाविरुद्ध नाही: लूकने लिहिलेल्या दोन्ही पुस्तकांत आजारी माणसे आहेत, आणि कलस्सैकरांस पत्रात खुद्द लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे.

आणि बायबलकडून उपचाराचे काम मागू नका. दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. वाचन त्याच्या सोबतीने चालू राहू द्या.

प्रत हातात घेऊन बघताना

दुकानात स्तोत्रसंहिता उघडा, कारण पान तिथे सर्वांत भरगच्च असते. दुपारच्या उन्हात अक्षर वाचता येतेच, म्हणून आत, ट्यूबलाइटखाली वाचून बघा. वयस्कर माणसासाठी मोठ्या टायपाची प्रत घ्या. ती जड असते, पण उशीवर ठेवून वाचता येते. खिशातल्या छोट्या प्रती प्रवासाला बऱ्या, रोजच्या वाचनाला डोळे दुखवतात. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवा. ते आपणहून मिटत असेल तर बांधणी कडक आहे, वाचताना एक हात अडकून राहील.

बायबलचा कागद पातळ असतो, एका बाजूची शाई दुसरीकडे दिसते. जेल पेन आणि ओला हायलायटर वापरला तर मागचे पानही खराब होते. मऊ पेन्सिल वापरा, आणि हायलायटर हवाच असेल तर मेणाच्या खडूसारखा कोरडा. रेक्झिनचे झिप लावलेले वेष्टन सोयीचे वाटते, पण कोकणात आणि वसईकडे पावसाळ्यात त्यात दमट हवा कोंडते आणि सोनेरी कडांची पाने एकमेकांना चिकटतात. जून ते सप्टेंबर पुस्तक झिपबाहेर, उभे ठेवा. नव्या प्रतीची चिकटलेली पाने ओढू नका. पुस्तक कण्यावर उभे धरून दोन्ही बाजूंनी थोडीथोडी पाने आळीपाळीने खाली दाबत मध्यापर्यंत या, म्हणजे शिवण टिकते.